शिरोळची नात ‘ईगल स्काउट’ झाली

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात मूळ असलेले आणि गेली वीस-बावीस वर्षे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात स्थायिक झालेले एक दिगंबर जैन कुटुंब आहे. या कुटुंबातील सतरा वर्षांच्या कन्येने ‘ईगल स्काउट’ हा तेथील स्काउट चळवळीतील सर्वोच्च दर्जा प्राप्त केला आहे, हे वृत्त वाचकांना कळविताना आम्हांस विशेष आनंद होत आहे. तिचे नाव व छायाचित्र आम्ही आग्रहाने मागितले होते. तिने नम्रपणे नकार दिला. “काम वीस-पंचवीस जणांनी केले, मग नाव एकटीचे कशाला? लिहायचेच असेल तर पक्ष्यांविषयी लिहा,” असे तिचे म्हणणे पडले. म्हणून पुढील मजकुरात तिचे नाव येणार नाही. पक्षी मात्र येतील.

परदेशस्थ नातेवाइकांकडून अशा यशाची छायाचित्रे अलीकडे आपल्या घरोघरी मोबाइलवर येऊ लागली आहेत. खाकी सदरा, गळ्यात रुमाल, छातीवर लाल-पांढऱ्या-निळ्या फितीला लटकणारा चांदीचा गरुड, आणि खाली अभिनंदनाचा वर्षाव. बहुतेकांची समजूत अशी होते, की मुलाने एखादी स्पर्धा जिंकली असावी. वास्तविक येथे स्पर्धा नसते आणि कोणी हरतही नाही. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले, त्यातून ही चळवळ जगभर पसरली. अमेरिकेत तिची संघटना १९१० साली उभी राहिली आणि १९१२ साली पहिला ‘ईगल स्काउट’ जाहीर झाला. चंद्रावर प्रथम पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग हेही ईगल स्काउट होते, हे तिकडची मुले आवर्जून सांगतात.

दर्ज्याची वाट लांब आहे. स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि शेवटी ईगल अशा सात पायऱ्या. शेवटच्या तीन पायऱ्यांना वेळेचे बंधन आहे: स्टारसाठी किमान चार महिने, लाइफसाठी सहा, ईगलसाठी आणखी सहा महिने पथकात सक्रिय राहून जबाबदारीचे पद सांभाळावे लागते. घाई करून चालत नाही. रेंगाळूनही चालत नाही, कारण सर्व अटी अठरावा वाढदिवस उजाडण्यापूर्वी पूर्ण व्हाव्या लागतात. सव्वाशेहून अधिक विषयांतून किमान एकवीस ‘मेरिट बॅज’ मिळवायचे असतात. त्यांतील काही सक्तीचे आहेत आणि ते पाहिले म्हणजे या शिक्षणाचा रोख कळतो. प्रथमोपचार, पाककृती, नागरिकत्व, तंबूतील मुक्काम हे तर आहेतच. शिवाय तेरा आठवडे स्वतःच्या जमाखर्चाची नोंद ठेवणे आणि नव्वद दिवस घरातील ठरलेली कामे करून त्यांची नोंद ठेवणे हेही आहे. आपल्याकडच्या किती मुलांनी (आणि वडिलांनी) सलग तेरा आठवडे जमाखर्च लिहिला असेल, हा प्रश्न येथे विचारत नाही.

या सर्व पायऱ्या आपल्या कन्येने चढल्या, त्याला काळाचीही थोडी साथ लाभली. अमेरिकेच्या या संघटनेचे नावच ‘बॉय स्काउट्स’ होते आणि ईगलचा दर्जा शतकाहून अधिक काळ केवळ मुलांसाठी राखीव होता. १ फेब्रुवारी २०१९ पासून मुलींना प्रवेश मिळाला. २०२१ साली ईगल झालेल्या मुलींचा पहिला गट जाहीर झाला, आणि २०२५ मध्ये संघटनेने ‘स्काउटिंग अमेरिका’ असे नवे नाव धारण केले. आपली कन्या अकरा वर्षांची असताना, म्हणजे दार उघडले त्याच वर्षी, मुलींच्या एका नव्या पथकात दाखल झाली.

नव्या पथकात एक अडचण अशी होती, जी बाहेरच्यास सहसा सुचत नाही. स्काउट पद्धतीत लहानांना शिकविण्याचे काम मुख्यतः मोठी मुलेच करतात. मुलींच्या या पथकात मोठ्या मुली कोठून येणार? सगळ्याच अकरा-बारा वर्षांच्या, सगळ्याच पहिल्या पायरीवर. प्रौढ मार्गदर्शिका होत्या, परंतु गाठ हातात हात घेऊन शिकविणारी ताई कोणी नव्हती. ती उणीव शिरोळहून भरून निघाली. कन्येचे आजोबा शाळेत स्काउट होते. ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही आपली संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. आजोबा त्यानंतरच्या पहिल्या पिढ्यांतले. शिरोळची सकाळ म्हणजे तिकडची रात्र. पूजा आटोपून आजोबा ओसरीवर मोबाइल उभा करीत, हातात सुती दोरी घेत, आणि नात आपल्या खोलीत दोरी घेऊन बसे. बोलाईन नावाची गाठ तिला काही केल्या जमेना. तेव्हा आजोबा उठून गोठ्यात गेले आणि वासराच्या गळ्यातील दावे दाखवून म्हणाले, “फासा आवळता कामा नये, जनावराने कितीही ओढले तरी. एवढे ध्यानात ठेव, गाठ आपोआप येईल.” आली. बोलाईनचे वैशिष्ट्य तेच आहे: तिचा फासा सरकत नाही, म्हणून बुडणाऱ्याच्या कमरेभोवती बांधतात ती हीच.

आजीची चिंता मात्र गाठींची नव्हती. मुलगी रानात राहणार, परक्यांच्या चुलीवर जेवणार, तेही कोणत्या वेळी? तंबूतील मुक्कामाच्या बॅजसाठी एकूण वीस रात्री बाहेर काढाव्या लागतात. “वीस रात्रींत घरचे सगळे वळण विसरेल,” असे आजींनी फोनवर सुनेला स्पष्ट सांगितले होते. ही भीती केवळ एका आजीची नाही. परदेशी वाढणाऱ्या मुलांविषयी आपल्या प्रत्येक घरात ती आहे, आणि तिला हसण्यात अर्थ नाही. मुलांना बाहेर पाठवावे तर आचार सुटतो आणि आचार सांभाळावा तर मुले एकटी पडतात, असा तो पेच.

प्रत्यक्षात काय घडले ते कन्येच्या आईने तपशीलवार सांगितले. स्काउट शिबिरात आठ-दहा मुलींच्या तुकड्या असतात. प्रत्येक तुकडी आपला शिधा स्वतः ठरविते, स्वतः विकत आणते आणि पाळीपाळीने स्वयंपाक करते. पहिल्या शिबिराच्या आधी यादी ठरत असता कन्येने सांगितले, “मी मांस, अंडी, बटाटा, कांदा, लसूण खात नाही.” क्षणभर शांतता पसरली, कारण शिबिराचा अर्धा स्वयंपाक बटाट्यावर चालतो. चांदीच्या कागदात गुंडाळून निखाऱ्यांवर भाजलेला बटाटा म्हणजे तेथील शिबिराचे जणू राष्ट्रीय अन्न! मग तिनेच मक्याची कणसे, ढोबळी मिरची आणि उकडलेला राजमा सुचविला, स्वतःचे छोटे पातेले आणले आणि आपल्या पाळीच्या दिवशी सर्वांना तेच खाऊ घातले. रात्रीच्या शेकोटीपाशी वाटल्या जाणाऱ्या मार्शमेलोमध्ये जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात, हे तुकडीतील कोणालाच ठाऊक नव्हते. ते ऐकून कोणी मार्शमेलो सोडला नाही. पण पुढच्या वेळी एका मैत्रिणीने दुकानात वेष्टन वाचून हिच्यासाठी जिलेटिनविरहित पाकीट शोधून आणले. मासेमारीचा बॅज यादीत आहे, पण ऐच्छिक. तो तिने घेतला नाही. मांस सुरक्षितपणे कसे हाताळावे व साठवावे हे मात्र प्रत्येकास समजावून सांगता यावे लागते. तिने ते शिकून घेतले आणि तोंडी सांगितले. जाणणे वेगळे आणि करणे वेगळे, हा विवेक तिला कोणी शिकविला नव्हता.

सूर्यास्ताचा प्रश्न मोठा गमतीचा निघाला. न्यू जर्सीत जूनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. उन्हाळी शिबिराचे जेवण सहालाच होते, तेव्हा रात्रिभोजनत्याग आपोआप पाळला जाई. डिसेंबरात तोच सूर्य साडेचारला बुडतो. थंडीतल्या मुक्कामात इतर मुली सातला गरम सूप पीत आणि ही सव्वाचारलाच तंबूपाशी बसून एकटी जेवून घेई. दुसऱ्या हिवाळ्यात तुकडीच्या प्रमुखपदी तिचीच निवड झाली, तेव्हा तिने नियम बदलला नाही; सातचे सूप सातलाच राहिले. फक्त सव्वाचारला तिच्याबरोबर बसायला दोन मैत्रिणी येऊ लागल्या. आजींना हे कळले तेव्हा त्यांनी एकच विचारले, “पाणी गाळून पिते ना?” ओढ्याचे पाणी गाळून आणि उकळून घेतल्याखेरीज कोणत्याही स्काउटने तोंडाला लावायचे नसते, हे ऐकून त्या चाट पडल्या. तेव्हापासून आजी या चळवळीच्या बाजूच्या झाल्या, असे घरचे सांगतात.

एक बाब येथे सांगावयास हवी. स्काउटच्या प्रतिज्ञेत ईश्वराप्रति कर्तव्याचा उल्लेख येतो, आणि आपण तर सृष्टिकर्ता ईश्वर मानीत नाही. मुलांना हा प्रश्न खरोखर पडतो. भारतातील संघटनेने याची तरतूद फार समजूतदारपणे केली आहे: प्रतिज्ञेतील ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी इच्छेनुसार ‘धर्म’ हा शब्द घेता येतो. आपल्याकडील स्काउट नियमांत प्राणिमात्रांशी मैत्री आणि विचार, उच्चार व आचार यांची शुद्धता आहे; मन-वचन-कायेची शुद्धी आपल्या मुलांना निराळी शिकवावी लागत नाही. अमेरिकन नियमावलीत बारा गुण आहेत. श्रावकाची व्रतेही बारा. हा केवळ आकड्यांचा योग आहे आणि त्यावर प्रवचन रचण्याचा मोह आम्ही आवरतो. कन्येने या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते असे शोधले, की जिनेंद्रांनी सांगितलेल्या मार्गावर चालणे हेच तिचे कर्तव्य. प्रतिज्ञा म्हणताना तिच्या मनात तोच अर्थ असे.

आता पक्ष्यांविषयी.

ईगल होण्यासाठी शेवटी एक सेवाप्रकल्प करावा लागतो. तो स्काउट संघटनेबाहेरच्या संस्थेच्या उपयोगी पडावा: शाळा, देवस्थान किंवा गाव. किती तास काम करावे याचे बंधन नाही. स्वतःच्या हातांनी किती केले हेही फारसे मोजत नाहीत. योजना आखता आली का, इतरांना बरोबर घेऊन ती पार पाडता आली का, हे पाहतात. पुष्कळ मुले बागेत बाके बसवितात, पायवाटा दुरुस्त करतात, आणि ती कामे उत्तमच असतात. आपल्या कन्येने जे निवडले ते तिच्या स्वतःच्या जैन केंद्राच्या दारात होते.

केंद्राच्या सभागृहाची पूर्वेकडील भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची आहे. समोर ओळीने झाडे. काचेत झाडे आणि आकाश उमटते, आणि पक्ष्याला ती भिंत न दिसता पलीकडे रान दिसते. तो पूर्ण वेगाने येऊन आदळतो. अमेरिकेत अशा रीतीने दरवर्षी कोट्यवधी पक्षी मरतात. शरद ऋतूत उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारे लहान गाणारे पक्षी रात्री उडतात, दिव्यांच्या उजेडाने ओढले जातात, पहाटे उतरतात आणि सकाळी काचांवर आपटतात. हा ऋतू म्हणजे नेमका आपल्या दशलक्षण पर्वाचा काळ. त्या दिवसांत सभागृहाचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळत असतात. सकाळी अभिषेकासाठी आईबरोबर लवकर गेलेल्या या मुलीला भिंतीखाली एक वटवट्यासारखा पिवळसर पक्षी मरून पडलेला दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. झाडलोट करणारे गृहस्थ म्हणाले, “रोजचेच आहे, लोक यायच्या आत मी उचलून टाकतो.”

तिने वही घातली. सलग सहा आठवडे, शाळेच्या आधी, ती भिंतीखाली फेरी मारी आणि तारीख, वेळ, जागा व छायाचित्र यांची नोंद करी. मेलेला पक्षी तिने कधी घरी आणला नाही, कारण तेथील १९१८ च्या कायद्यानुसार स्थलांतरी पक्ष्याचे शव परवान्याविना जवळ बाळगता येत नाही. क्षमावाणीच्या दिवशी सर्व जीवांची क्षमा मागून लोक सभागृहाबाहेर पडले, तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यात एक पक्षी अजून धपापत होता. तिने त्याला कागदी पिशवीत अंधारात ठेवले आणि वडिलांसह वन्यजीव शुश्रूषा केंद्रात पोचविले. तो वाचला की नाही हे त्यांना पुढे कळले नाही.

उपाय अवघड नाही. काचेवर बाहेरच्या बाजूने दर दोन इंचांवर लहान ठिपके असले, की पक्ष्याला तेथून आरपार जाता येणार नाही असे वाटते आणि तो वळतो. ससाण्याच्या आकृतीचे एखादे चित्र चिकटवून भागत नाही. पक्षी चित्र चुकवतो आणि शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो. आतून ठिपके लावले तर बाहेरच्या प्रतिबिंबाखाली ते लपतात. हे सर्व तिने कागदावर मांडले आणि केंद्राच्या कार्यकारिणीपुढे ठेवले.

कार्यकारिणीने लगेच होकार दिला नाही. काचेची भिंत देणगीतून झालेली, नवी, सर्वांच्या अभिमानाची. ठिपक्यांनी शोभा जाईल, काचेची हमी रद्द होईल, खर्च कोण करणार, असे आक्षेप आले. त्यांत दुष्टावा नव्हता; संस्था चालविणाऱ्यांना असे प्रश्न विचारावेच लागतात. पण बैठक पुढे गेली, मग आणखी एकदा पुढे गेली, आणि इकडे अठरावा वाढदिवस जवळ येत होता. पथकाच्या मार्गदर्शिकेने काळजीपोटी सुचविले, की एखादा सोपा प्रकल्प घे, बाके बसव, दर्जा हातचा जाऊ देऊ नकोस. मुलीने एक आठवडा विचार केला. आईला म्हणाली, “बाके कोणीही बसवील. ही वही दुसऱ्या कोणाकडे नाही.”

तिसऱ्या बैठकीत तिने युक्तिवाद केला नाही. वहीतली छायाचित्रे तारखेनुसार एकेक करून पडद्यावर दाखविली, आणि प्रत्येकीखाली त्या दिवशी सभागृहात कोणता कार्यक्रम होता एवढेच लिहिले होते. उत्तम क्षमा. उत्तम मार्दव. उत्तम आर्जव. एका ज्येष्ठ सदस्यांनी मध्येच हात वर करून “पुरे” म्हटले आणि पूर्वेच्या भिंतीला परवानगी दिली. ईशान्येकडच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या तेवढ्या वगळल्या, कारण तेथून उत्सवाची छायाचित्रे चांगली येतात. असो.

खर्चासाठी तिने वर्गणी मागितली नाही. जयसिंगपूरचे भडंग कोणाला ठाऊक नाही? आजींच्या कृतीने, लसूण न घालता, शेंगदाणे-कढीपत्त्याचे भडंग करून पथकातील मुलींनी केंद्रात व शेजारच्या वस्तीत विकले. आजोबांना ही बातमी कळताच ते म्हणाले, “ही तर खरी कमाई!” भारतीय स्काउट-गाइडांचा ‘खरी कमाई’ हा उपक्रम ज्यांनी शाळेत केला आहे, त्यांना या उद्गाराची गोडी कळेल. लसणाविना भडंग म्हणजे काय भडंग, असे म्हणणारे एक जयसिंगपूरकर तेथेही भेटलेच. पण त्यांनी चार पाकिटे नेली.

उन्हाळ्यातील दोन शनिवार-रविवारांत काम झाले. काच धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करायची. मोजपट्टीने खुणा करायच्या. ठिपक्यांची पट्टी दाबून बसवायची आणि वरचा कागद हलक्या हाताने ओढून काढायचा. उंचावरचे काम सुरक्षेच्या नियमानुसार मोठ्यांनी केले. आक्षेप घेणाऱ्यांपैकी दोघे स्वतः मचाणावर चढले होते. कन्येने चार दिवसांत एकही पट्टी स्वतः चिकटविली नाही. कोण कोठे, किती वाजता, कोणते साहित्य घेऊन उभे राहील, एवढेच ती पाहत होती. रात्रीचा कार्यक्रम संपताच पूर्वेकडचे दिवे मालविण्याची सूचनाही तिने बटणांपाशी लावली. त्याला एक पैसाही लागला नाही.

पुढच्या दशलक्षणात ती पुन्हा वही घेऊन रोज सकाळी गेली. त्या संपूर्ण ऋतूत पूर्वेच्या भिंतीखाली तिला दोनच पक्षी आढळले. स्वयंपाकघराच्या खिडक्यांखाली आठ. ही नोंद तिने शेरा न मारता कार्यकारिणीकडे पाठविली, आणि उरलेल्या खिडक्यांचा ठराव एका बैठकीत संमत झाला. आता वही पथकातील बारा वर्षांच्या एका मुलीकडे आहे. तिला गाठी शिकवायला ताई आहे.

अंतिम मुलाखत प्रौढांच्या मंडळापुढे होते आणि आईवडिलांना आत बसता येत नाही. ती बाहेर आली तेव्हा काय विचारले हे घरच्यांनी विचारले. “माझ्याकडून काय राहून गेले, असे विचारले. मी म्हटले, स्वयंपाकघराच्या खिडक्या आधीच मागायला हव्या होत्या,” एवढेच तिने सांगितले.

गौरवसमारंभात एक हृद्य प्रथा आहे. नव्या ईगलला पदक मिळते तेव्हा त्याच्या आईवडिलांनाही छोट्या पिना देतात, आणि ज्यांनी वाट दाखविली अशा व्यक्तीला देण्यासाठी एक ‘मार्गदर्शका’ची पिन असते. कन्येने ती तेथे कोणालाच दिली नाही. गेल्या महिन्यात गावी आलेल्या एका नातेवाइकाबरोबर ती शिरोळला पोचली. आजोबांनी ती कोटाला लावली आहे. पिन अगदी बारीक असल्यामुळे मंदिरात कोणी जवळ येऊन हे काय म्हणून विचारतो, तेव्हा आजोबा काही सांगण्याऐवजी खिशातून दोरी काढतात आणि त्याला बोलाईन घालायला लावतात.